मुकुटबनहून येणारं चित्र

वणीला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो, त्या काकांनी घरात कधी टीव्ही घेतला नाही, आणि तरी ते रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर बसून टीव्ही पाहत. त्यात मालिका नसत, बातम्या नसत, क्रिकेट नसे. एक काळी पाटी दिसे, तिच्यावर खडूने लिहिलेले तीन-चार शब्द दिसत, आणि पाटी पुसणारा एक हात. काका ते शब्द वाचत, शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या सेटवर काहीतरी बोलत, मग पाटीवर नवे शब्द येत. असं तासभर चाले.

पाहण्याचं यंत्र हातात मावणारं होतं. पोलिसांकडे असतो तेवढा वॉकीटॉकी, वर रबरी एरियल, खाली आकड्यांची बटणं आणि मध्ये रंगीत पडदा. पडदा मी पट्टीने मोजला होता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन इंच. काका त्याला स्कॅनर म्हणत. हवेतल्या लहरींचे पट्टे तो एकामागून एक चाळत जाई आणि कुठे कोणी बोलत असलं की तिथे थांबे. भाच्याने तो जपानहून आणून दिला होता. काकांना त्याचा खरा उपयोग एकच होता. हौशी रेडिओवाल्यांना आपलं चित्र हवेतून पाठवण्यासाठी जो पट्टा दिलेला आहे, तो बाजारातल्या टीव्हीत लागत नाही. या स्कॅनरमध्ये लागत असे. काकांकडे हौशी रेडिओचं लायसन होतं. ते त्यांनी काच बसवून देवघराच्या भिंतीला लावलं होतं, आणि काकू रोज देवांबरोबर त्याचीही काच पुसत.

काका राजूरच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिकल फोरमन होते. मी राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. खाणीतलं पिवळं हेल्मेट मात्र त्यांनी निवृत्त केलं नव्हतं. गच्चीवर जायचं म्हणजे हेल्मेट घालायचं, मग ते एरियल दुरुस्त करायला असो की लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला. गच्चीवर चाळीस फुटांचा लोखंडी पाइप उभा होता आणि त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा आडवा एरियल. त्याचं तोंड कायम दक्षिणेला, मुकुटबनकडे. मुकुटबन तिथून सरळ रेषेत तीस किलोमीटरला थोडं कमी पडतं. गल्लीत आमच्या घराचा पत्ता सांगताना लोक त्या पाइपाकडे बोट दाखवत.

हौशी रेडिओवाल्यांत एक रीत आहे. कोणी चित्र पाठवलं की पाहणाऱ्याने त्याला रिपोर्ट द्यायचा. पी-शून्य म्हणजे काहीच दिसलं नाही. पी-एक म्हणजे काहीतरी आहे एवढं कळतं. असं चढत चढत पी-पाच म्हणजे निर्दोष चित्र. हा रिपोर्ट समोरच्याला खूश करण्यासाठी नसतो. त्यावरून तो आपला एरियल कुठे वळवायचा, कोणती तार बदलायची ते ठरवतो. खोटा रिपोर्ट मिळाला तर बिचारा चुकीच्या दिशेला खांब फिरवत बसेल. काकांना ही रीत इतकी पटली होती, की ती त्यांनी चित्रांपुरती ठेवली नाही.

आम्ही राहायला गेल्यावर पहिल्या सणाला माझ्या बायकोने खाली पुरणपोळ्या पाठवल्या. ताट परत द्यायला काका स्वतः आले.

"पी-तीन," ते म्हणाले. "वेलची जास्त झाली."

बायको आठवडाभर धुसफुसत होती. पुढच्या सणाला तिने वेलची मोजून टाकली आणि ताट पाठवून दारातच उभी राहिली. "पी-चार," असा निरोप आला, तेव्हा तिने तो मला दोनदा सांगितला.

शेजाऱ्यांनी नवं घर बांधलं, वास्तुशांतीला काकांना जेवायला बोलावलं. घरधन्याने हौसेने विचारलं, "कसं झालं मंग घर, काका?" काका म्हणाले, "पी-तीन. न्हाणीचा उतार उलटा आहे." घरधनी वाढायचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळला. पावसाळ्यात न्हाणीचं पाणी खरंच स्वयंपाकघरात आलं. तरी शेजाऱ्यांनी धरलेला अबोला सुटला नाही, उलट वाढला.

एकदा आम्ही सगळे कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना एसटीत मी गमतीने विचारलं, "काका, आज रिपोर्ट नाही?"

"देवाले रिपोर्ट द्यायचा नसते," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "खाली उतराच्या पायऱ्या पी-तीन."

पी-पाच त्यांनी कोणाला दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. काकूंची तक्रार जुनी होती. "चाळीस वर्षं झाली लग्नाले. मले यायनं चारच्या वर जाऊ देल्लं नाही."

"पाच देऊन टाकलं तं मंग सुधारशीन कायले तू?" काका म्हणत.

मी त्या वेळी पिकांच्या आकडेवारीच्या कामावर होतो. गावागावांत जाऊन शेतातला ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातला कापूस वेचून वजन करायचं आणि त्यावरून उतारा काढायचा. ती कापसाची वाईट वर्षं होती. उतारा दरवर्षी खाली जात होता, खर्च वर जात होता, आणि आमच्याकडे मागितल्या जाणाऱ्या तक्त्यांची संख्या दोन्हीपेक्षा वेगाने वाढत होती. काका कधी कधी माझे कागद चाळत.

"भाऊ, तुमच्या या गावांच्या आकड्यात शेवटी शून्य नाही तं पाचच काहून असते?"

"काही जण अंदाजाने लिहून पाठवतात, काका."

"मंग त्याले रिपोर्ट नोका म्हणू. अंदाज म्हणा."

मी माझे आकडे वजन करूनच लिहितो, असं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

हंगामात खरेदी केंद्रावर जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या घरापर्यंत येई. केंद्र कधी सुरू असे, कधी बंद. शेतकरी बैल सोडून रस्त्याच्या कडेला मुक्काम करत. त्यांच्या डोक्यावर हा चाळीस फुटांचा पाइप. कसं कोण जाणे, पण त्यांच्यात असा समज पसरला की या पाइपावर कापसाचे भाव येतात. काका नाही म्हणाले की तो समज आणखी पक्का होई.

"काका, उद्या काटा चालू होते काय?"

"मले नाही माहीत."

"एवढा मोठा खांब लावला अन् माहीत नाही?"

"त्यात भाव येत नाही बाप्पा."

"मंग व्यापाऱ्याले सांगत असान तुमी. आमाले कायले सांगता!"

शेवटी एक दिवस काकांनी स्कॅनर खाली रस्त्यावर आणला, लांब तार जोडली आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात दिला. "घ्या, पाहा तुमीच." म्हाताऱ्याने डोळे बारीक करून पडदा पाहिला. मुंग्या मुंग्या दिसत होत्या आणि त्यांच्यात पाटी. पाटीवर लिहिलं होतं : आंघोळ करून येतो.

म्हाताऱ्याने ते मोठ्याने वाचलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा कोन्त्या बाजाराचा भाव म्हनाचा?" रांग हसली. त्या दिवसापासून काकांचा छळ थांबला.

त्याच सुमाराला भावासाठी रास्ता रोको झाला आणि पोलिसांनी गावात चौकशा सुरू केल्या. एक हवालदार जिना चढून वर आला.

"हे वायरलेस काय जी, काका? आमचं आयकता?"

"नाही. तुमचा पट्टा मी कुलपात टाकला आहे. स्कॅनर तिथं थांबतच नाही."

"आयकतच नाही?" हवालदाराला हे गुन्ह्यापेक्षा विचित्र वाटलं. "मंग एवढं महागाचं घेतलं कायले?"

लायसन पाहून, चहा पिऊन तो गेला. नंतर मोठ्या शहरांतून टीव्हीवाल्यांच्या छत्रीच्या गाड्या यायला लागल्या. एक गाडी आमच्या चौकात उभी राहिली तेव्हा काका हेल्मेट घालून ती पाहायला गेले. वार्ताहर मुलीने त्यांच्यासमोर माइक धरला, या भागातल्या परिस्थितीबद्दल काय वाटतं म्हणून विचारलं. काका म्हणाले, "तुमच्या छत्रीची केबल ढिली आहे." ते प्रक्षेपणात आलं नाही.

आता पाटीवर लिहिणाऱ्या माणसाबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांचं नाव काका कधी घेत नसत. मुकुटबन असंच म्हणत, आणि आम्ही मुकुटबनवाले. लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा त्यांचा व्यवसाय होता. लायसन त्यांच्याकडेही होतं. काका आणि ते पंधराएक वर्षं रोज रेडिओवर बोलत, भेट मात्र क्वचितच होई. दोघांच्याही घरचे लोक सांगत की हे बोलणं बहुतेक हवामान, तारा आणि जेवण याबद्दलच असे. मुकुटबनवाल्यांना खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, सवय होती. दिवसाला किती पुड्या, ते सांगत नाही. तोंडात गाठ आली, नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याची एक बाजू गेली आणि जिभेचा भाग गेला. जीव वाचला. बोलणं गेलं. तोंडातून आवाज येई, पण शब्द बायकोलाही कळत नसत.

मी काकांना एकदा विचारलं होतं, की तारायंत्राची कडकट्ट त्या दोघांना येते, मग हा पाटीचा खटाटोप कशाला?

"कडकट्ट त्याले माझ्याहून चांगली येते," काका म्हणाले. "आधी तेच केलं आम्ही. पन त्यात मानूस समजत नाही. पाटीत समजते. अक्षर तिरपं आलं की मी वळखतो, आज बिनसलं."

त्यातून हे चित्राचं सुरू झालं. कापूस पिकेना तशी लग्नं साधी होऊ लागली, एका मांडवात दहा-दहा जोडपी उभी राहू लागली, शूटिंगला कोणी बोलावेना. कॅमेरा रिकामाच होता. मुकुटबनवाल्यांनी तो ट्रान्समीटरला जोडला. समोर स्टुलावर पाटी. काका सेटवर बोलणार, ते पाटीवर लिहिणार. चित्र येई ते पी-दोन, कधी पी-तीन. तालुक्यात भारनियमन असलं की मोटारी, पंखे बंद पडत आणि चित्रातल्या मुंग्या कमी होत. वीज गेल्यावर गल्लीत फक्त आमच्या गच्चीवर आनंद असे. काकांचं आणि मुकुटबनवाल्यांचंही सगळं ट्रकच्या बॅटरीवर चाले.

पाटीच्या मागे बसलेला माणूस मात्र कधी दिसत नव्हता. मुकुटबनवाले घराबाहेरही पडत नव्हते. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने पडत नव्हते. आमच्याकडे मार्चअखेरपासून ऊन असं तापतं, की बाई असो, माणूस असो, तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी रस्त्यावर येत नाही. नुसते डोळे दिसतात. त्या दिवसांत मुकुटबनवाले सगळीकडे हिंडत. बाजार करत, सायकलवर शेतात जात, लग्नालाही जाऊन मांडवाबाहेर उभे राहत. मृगाचा पाऊस पडला, लोकांनी दुपट्टे सोडले, की ते पुन्हा आत. काका म्हणत, "त्याचं वर्ष उलटं आहे. आपन उन्हाळ्यात घरात बसतो, तो पावसाळ्यात."

एका नोव्हेंबरात माझं कामाचं गाव त्या बाजूला होतं. काकांनी एरियलची एक जोडणी त्यांना द्यायला माझ्याजवळ दिली. घर सापडलं. ओसरीवर वहिनी कापूस निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तसं आतल्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज झाला.

"कोनी आलं का आत जातेत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मला पाट दिला. "मी त्यायले किती सांगते भाऊ, का तुमचं काहीच दिसत नाही. कळत बी नाही कोनाले. सासरेबुवा सांगतेत, डॉक्टरनं सांगतलं, पाव्हने येतेत थे सांगतेत. आयकतच नाही."

दार चार बोटं उघडलं. फटीतून हात बाहेर आला. मी रोज पडद्यावर पाहायचो तोच हात, अंगठ्याला खडूची पूड. मी जोडणी त्यावर ठेवली. हात आत गेला आणि थोड्या वेळाने पाटी बाहेर आली : चहा घेऊन जा. मी चहा घेतला आणि निघालो.

त्या दिवाळीनंतर एक गोष्ट घडू लागली. चित्र पी-दोन असलं की पाटीच्या मागे एक आकृती दिसे. डोक्याची गोलाई, खांदे. बाकी सगळ्या मुंग्या. काकांनी ती मला दाखवली. "समोर येऊन बसते आता. मुंग्याइच्या आड." मी विचारलं, तुम्ही त्याबद्दल काही बोलला का? "कायले बोलू? मी पी-दोन सांगतो. त्याले समजते का मले काही दिसत नाही. बसू दे." रोज थोडं जास्त वेळ ती आकृती बसू लागली. काकांच्या दृष्टीने हे फार मोठं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण संध्याकाळच्या वेळेला ते दहा मिनिटं आधीच वर जाऊ लागले.

जानेवारीत थंडीची लाट आली. त्या सकाळी मी पाण्याची टाकी पाहायला वर गेलो होतो. काकू तुरीची डाळ वाळत घालत होत्या. निर्गुडा नदीच्या बाजूला चुलींचा धूर वर न चढता जमिनीला समांतर पसरला होता. अशा दिवसांत हवेचे थर बसतात, खाली थंड, वर गरम, आणि लहरी त्यांच्यामधून सरकत लांबपर्यंत स्वच्छ जातात. मुकुटबनवाल्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. पण रोजच्या पी-दोनची त्यांना सवय झाली होती.

काकांनी स्कॅनर लावला आणि हाताने मला बोलावलं. मी जवळ जाऊन पाहिलं. मुंग्या नव्हत्या. भिंतीवरचा चुन्याचा पोपडा दिसत होता, खुंटीवरचा शर्ट दिसत होता, आणि पाटी मांडीवर घेऊन एक माणूस थेट आमच्याकडे पाहत बसला होता. तोंड उघडं. चेहरा संपूर्ण दिसत होता.

पाटीवर होतं : कसं येते आज?

काकूंनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "दोन सांगा," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी माइकचं बटण अजून दाबलं नव्हतं. मीही म्हणालो, "काका, दोनच सांगा. बसू द्या त्यांना."

"काय जाते तुमचं दोन सांगाले!" काकू म्हणाल्या.

काका पडद्याकडे पाहत होते. पाच सांगितलं तर समोरचा माणूस उठून जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. दोन महिन्यांत जो इंच इंच करून पुढे आला होता, तो परत दाराआड जाणार. काकांनी माइक तोंडाशी धरला, खाली घेतला, परत धरला.

"मुकुटबन," ते म्हणाले, "पी-पाच. मुंगी एक नाही."

पडद्यावरचा माणूस हलला नाही. मग त्याने पाटी बाजूला ठेवली. हात पुढे आला, मोठा मोठा होत गेला आणि सगळं काळं झालं.

काकू डाळ तशीच टाकून खाली गेल्या. त्या नंतर काकांशी कामापुरतंच बोलू लागल्या. काका मात्र सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी वर जाऊन बसत. "मुकुटबन, वणी आयकून राह्यलो." थांबत. परत तेच. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी म्हणालो, एकदा बसने जाऊन या. "त्यानं दरवाजा लावला आहे," ते म्हणाले. "मी गेलो तं खिडकी बी लावन." आपण चुकलो असं त्यांनी म्हटलं नाही, बरोबर केलं असंही म्हटलं नाही. संक्रांतीला बायकोने तिळगूळ दिला आणि सवयीने विचारलं, कसा झाला? काका म्हणाले, "बरा आहे." वर येऊन ती मला म्हणाली, "काकांचं काहीतरी बिघडलं आहे."

संक्रांत होऊन पंधरवडा गेला असेल. थंडी ओसरली होती. मी एका तक्त्यावर काकांची सही साक्षीदार म्हणून घ्यायला वर गेलो, तर ते पडद्यावर भिंग धरून बसले होते. मुंग्यांमध्ये पाटी होती. आकृती नव्हती. काकांनी मला वाचायला सांगितलं, त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. मी वाचलं : त्या दिवशी काय दिसलं?

काकूही आवाज ऐकून वर आल्या. काकांनी हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि माइक घेतला. ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण बोलताना ते अडखळले नाहीत.

"आयक. डाव्या बाजूचा जबडा नाही. गाल आत गेला आहे, पेला बसन एवढा खड्डा. खालचा ओठ तिकडं ओढला आहे, त्यातून दोन दात दिसतात. टाक्याची रेघ कानापासून गळ्यालोक, काळपट आहे. उजवी बाजू होती तशीच. डोळे तेच. केस गेले समोरचे, पन थे ऑपरेशननं नाही, वयानं. संपलं."

काकूंनी डोळे मिटून घेतले होते. हात आला, त्याने पाटी पुसली, लिहिलं : एवढंच?

"एवढंच," काका म्हणाले. "जास्त असतं तं जास्त सांगतलं असतं."

पाटी पुसली गेली. नवे शब्द आले : सगळे म्हणतात काही दिसत नाही.

पुन्हा पुसली. शेवटची ओळ तिरपी होती : म्हणून वाटलं पाहवतच नसन.

आरशात त्यांनी पाहिलं नसेल असं नाही. पण घरचे, पाहुणे, डॉक्टर सगळे धडधडीत दिसणारी गोष्ट दिसत नाही म्हणत होते. ते एवढं लपवतात त्याअर्थी ते भयंकरच असणार, असा हिशोब त्यांनी मांडला होता. खड्डा पेल्याएवढा आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं. काकूंनी काकांच्या हातातलं भिंग घेतलं, पदराने पुसलं आणि परत दिलं.

आता आम्ही यवतमाळला स्वतःच्या घरात राहतो. काका जाऊनही बरीच वर्षं झाली. पाइप उतरवला तेव्हा मी गेलो होतो. पण मला ते आठवतात ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले, वणीच्या बसस्थानकावर उभे असलेले.

मुकुटबनवाल्यांनी पाटीवर बसची वेळ कळवली होती. ऊन अजून कोवळं होतं, स्थानकात एकाच्याही तोंडाला दुपट्टा नव्हता. काका आणि मी फलाटाच्या कडेला उभे होतो. बस आली. माणसं उतरली, पोती उतरली, आणि सगळ्यांच्या शेवटी मुकुटबनवाले उतरले. खांद्याला पिशवी, तोंड उघडं. बाकड्यावरच्या दोन बायकांनी पाहिलं आणि मान वळवली. एक माणूस मान न वळवता पाहतच राहिला. मुकुटबनवाल्यांना दोन्ही दिसलं असणार. ते सरळ आमच्याकडे चालत आले आणि काकांसमोर उभे राहिले.

काकांना मान वर करावी लागली.

"इसरलोच होतो बाप्पा मी," ते म्हणाले. "तू भलता उंच आहे."

मुकुटबनवाले हसले. हसताना गालाचा खड्डा आणखी आत गेला, ओठ तिकडे ओढला गेला आणि तोंडाच्या कडेतून लाळ आली. ती त्यांनी बाहीला पुसली. काका ते सगळं नीट पाहत होते.

"हसला का जास्त वाकडं होते," ते म्हणाले. "हे सांगाचं राह्यलं होतं. तवा तू हसत नव्हता."

मुकुटबनवाल्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि आणखी हसायला लागले. घशातून येणारा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मागच्या बसचे लोक उतरत होते, आणि ते या दोघांना वळसा घालून बाहेर जात होते.